व्यसनमुक्ती उपचारांची माहिती बाहेर फुटू नये म्हणून काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

डिस्चार्ज होऊन महिना-दीड महिना झाला की नातेवाईक परत येतात आणि हळूच विचारतात, 'मॅडम, फाइलमधून तेवढा दारूचा उल्लेख काढता येईल का?' नाही येत. केसपेपरमध्ये खाडाखोड करायची नसते, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण बातमी फाइलमधून बाहेर गेलेलीच नसते, ती गेलेली असते मेडिक्लेमच्या मेलमधून, मामांच्या फोनमधून नाहीतर कोणीतरी कौतुकाने टाकलेल्या स्टेटसवरून. मी व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात काम करते आणि हे इतक्यांदा बघितलंय की आता एकदाच सगळं क्रमाने लिहून काढतेय. गोपनीयतेचं बहुतेक काम दाखल व्हायच्या आधी करायचं असतं आणि लोक ते नेमकं शेवटी करायला घेतात.

कायद्याचं एवढंच डोक्यात ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे त्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्था पण येतात, म्हणजे त्या कायद्यातले हक्क व्यसनाच्या पेशंटलाही लागू आहेत. कलम २३ म्हणतं की उपचाराची माहिती गुप्त राहिली पाहिजे. ती द्यायची मुभा आहे ती पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (म्हणजे पेशंटने स्वतः लेखी नेमलेल्या माणसाला), उपचार करणाऱ्या इतर डॉक्टर-समुपदेशकांना, पेशंटच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा गरजेपुरती, कोर्टाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून, आणि सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल तर. ही यादी परत वाचा. त्यात साहेब नाहीत, सासरे नाहीत, सोसायटीचे सेक्रेटरी नाहीत, आणि नुसती बायको किंवा नुसता भाऊ म्हणूनसुद्धा कोणी नाही.

१. दाखल व्हायच्या आधी: कोणाला किती सांगायचं ते ठरवा

एक कागद घ्या आणि पेशंटला सोबत घेऊन बसा. त्याला बाजूला ठेवून घरच्यांनी परस्पर ठरवायचं नाही, माहिती त्याची आहे. कागदावर तीन गट करा. सगळं माहीत असणारे (शक्यतो दोन-तीन माणसं, जास्त नको), फक्त 'दवाखान्यात आहे' एवढंच माहीत असणारे, आणि काहीच न सांगायचे असे.

मग मधल्या गटासाठी एक वाक्य ठरवा आणि ते घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा, अगदी आजीला आणि शाळेत जाणाऱ्या पोरांनासुद्धा. 'तब्येतीच्या कारणाने उपचार चालू आहेत, डॉक्टरांनी महिनाभर आराम सांगितलाय.' बस. हे खोटं नाही आणि यात उकरण्यासारखं काही नाही. लोक काय करतात, तर आई सांगते कावीळ, भाऊ सांगतो बंगलोरला ट्रेनिंग आहे, आणि शेजारच्या काकू दोन्ही उत्तरं जोडून तिसरीच गोष्ट तयार करतात, ती मग पूर्ण बिल्डिंगभर.

इशारा: पेशंटला न सांगता चहातून, भाजीतून दारू सोडायची गोळी देणं हे गुपित ठेवण्यात मोडत नाही. ही गोळी, म्हणजे डायसल्फिराम, पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत जाऊ शकतं. हे मी मध्येच लिहितेय कारण 'कोणाला कळू नये' म्हणून डॉक्टर टाळून हा उद्योग करणारी घरं खूप आहेत.

२. केंद्र निवडताना विचारायचे प्रश्न

अजून काहीच ठरलं नसेल तर नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ इथे फोन करून आधी शंका विचारून घ्या. केंद्रात गेल्यावर जेवण कसं आहे, एसी आहे का हे सगळे विचारतात, खालचं कोणी विचारत नाही:

- राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, प्रमाणपत्र दाखवा.
- फाइल कोण कोण बघतं? कुलूपबंद कपाटात असते की रिसेप्शनच्या टेबलावर?
- बाहेरून कोणी फोन करून चौकशी केली तर तुम्ही काय उत्तर देता?
- कार्यक्रमाचे फोटो, रील वगैरे टाकता का? पेशंटचे चेहरे दिसतात का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका, सगळी कळ तिथे आहे. आपल्याकडे लग्न ठरवताना चौकशी होते आणि चौकशी करणारे सरळ केंद्रात फोन लावतात. 'आमच्या मुलीला स्थळ आलंय, अमुक अमुक आडनावाचा मुलगा, तुमच्याकडे होता असं कानावर आलंय.' इथे चांगल्या भावनेने दिलेलं उत्तरही घात करतं. 'सॉरी, आमच्या पेशंटची माहिती आम्ही देत नाही' असं म्हटलं की झालं, मुलगा पेशंट होता हे सांगून टाकलंत की. बरोबर उत्तर असं असतं: 'इथे कोण आहे किंवा होतं, याबद्दल आम्ही फोनवर कोणालाच काही सांगत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही.' आणि हे उत्तर प्रत्येक फोनला तेच हवं. जो कधीच तिथे नव्हता त्याच्याबद्दल 'छे छे, असा कोणी नव्हता' आणि जो होता त्याच्याबद्दल 'सांगता येणार नाही', असं चाललं तर समोरचा दुसऱ्या फोनलाच ओळखतो.

तुम्ही स्वतः एकदा बाहेरून फोन करून बघा. नाव कोणतंही घ्या. पाच मिनिटांत कळतं केंद्र किती पाण्यात आहे.

३. नोंदणीच्या टेबलावर

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून सावकाश.

नाव खरंच द्या. 'खोटं नाव दिलं की प्रश्नच मिटला' असं वाटतं पण मग त्याच माणसाला कामावर रुजू व्हायचं सर्टिफिकेट कोणत्या नावाने देणार, रात्री तब्येत बिघडून दुसऱ्या हॉस्पिटलला हलवलं तर आधार वेगळं आणि केसपेपर वेगळा, आणि आधीच्या औषधांची नोंद कोणाला सापडत नाही. नाव खरं ठेवायचं आणि ते कोणाला दिसेल यावर बंधन घालायचं, हा बरोबर रस्ता.

मोबाइल नंबर विचार करून द्या. पुढच्या फॉलोअपचा मेसेज, बिलाचा मेसेज, लॅबचा रिपोर्ट हे सगळं त्याच नंबरवर येणार. घरातला तो एक फोन जो मुलगी क्लासला घेऊन जाते, तो नंबर नको. मेसेजमध्ये केंद्राचं नाव येतं का ते विचारा, येत असेल तर 'मेसेज नको, फोन करा' असं फॉर्मवर लिहून घ्या.

नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून द्या. कलम १४ प्रमाणे पेशंट साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, एका सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमू शकतो आणि नंतर कधीही बदलू शकतो. स्टॅम्पपेपर लागत नाही. हे केलं की केंद्राला स्पष्ट होतं की माहिती कोणाशी बोलायची. नाही केलं तर जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तोच प्रतिनिधी असल्यासारखा वागतो, आणि तो नेमका कोण असतो ते प्रत्येक घराला माहीत आहे. पेशंट १८ वर्षांच्या आतला असेल तर सहसा पालकच प्रतिनिधी असतात, तिथे हा कागद लागत नाही.

परवलीचा शब्द ठरवा. प्रतिनिधीने फोन केला की आधी तो शब्द सांगायचा, मगच बोलायचं. 'मी त्याचा मामा बोलतोय' हे कोणीही बोलू शकतं.

आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर. टेबलावर क्यूआर कोड पुढे करतात आणि आपण स्कॅन करतो, पुढे काय होतं ते बघत नाही. १४ आकडी आभा नंबर ऐच्छिक आहे, तो नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. आभा असणं वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण व्यसनाच्या उपचारांची नोंद त्याला जोडायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, 'आत्ता लिंक करू नका' एवढं स्पष्ट सांगा. आधीच जोडलेलं असेल तर अॅपमध्ये कोणी माहिती मागितली की संमतीची विनंती येते, त्यात कशासाठी हवी, कोणत्या तारखांची आणि किती दिवसांपर्यंत हे लिहिलेलं असतं. न वाचता होकार दाबू नका. संमती नंतर मागे घेता येते पण जे बघून झालं ते बघून झालं.

कोऱ्या फॉर्मवर सह्या नाहीत. दाखल होताना सात-आठ कागद एकदम पुढे येतात, पेशंट थरथरतोय, घरचे रात्रभर जागे, सह्या भराभर होतात. त्यात एखादा कागद फोटो-व्हिडिओच्या संमतीचा असतो. तो वेगळा काढून ठेवा, दोन दिवसांनी शुद्धीवर असताना पेशंटला विचारा. कलम २४ प्रमाणे पेशंटच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही, आणि गोपनीयतेचा हक्क कॉम्प्युटर-मोबाइलमध्ये साठवलेल्या माहितीलाही आहे.

तपासा: खरं नाव, योग्य नंबर, प्रतिनिधीचा कागद, परवलीचा शब्द, आभाचा निर्णय, फोटोची सही थांबवली. यातलं एक जरी राहिलं तरी पुढे जाऊ नका.

४. पैसे भरताना

यूपीआयने पैसे पाठवले की पासबुकात आणि स्टेटमेंटमध्ये घेणाऱ्याचं नाव छापून येतं, आणि ते नाव 'अमुक व्यसनमुक्ती केंद्र' असंच असतं. हेच स्टेटमेंट सहा महिन्यांनी होम लोनसाठी बँकेत जातं किंवा सीएकडे जातं. जॉइंट खातं असेल तर भावाला त्याच दिवशी दिसतं. ज्याला आधीच सगळं माहीत आहे अशा माणसाच्या खात्यातून भरा नाहीतर रोख भरून पावती घ्या, पावती मात्र सोडायची नाही.

आता मेडिक्लेम. यात लोक हकनाक माहिती उधळतात. बऱ्याच पॉलिसींमध्ये दारू, ड्रग्ज आणि व्यसनाच्या उपचारांना वगळलेलं असतं, विमा नियामकाच्या ठरावीक शब्दांत, आणि त्याला कोड पण आहे, एक्सक्ल १२. पॉलिसीच्या कागदात 'वगळलेल्या गोष्टी' या भागात हा कोड शोधा. सापडला तर क्लेम मिळण्याची आशा जवळजवळ नाही, पण कॅशलेसची विनंती पाठवली की निदानासकट कागद टीपीएकडे (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे) जातात, आणि कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर मध्ये ब्रोकर असतो, एचआर असतं. म्हणजे रुपया मिळाला नाही आणि बोभाटा मात्र झाला. क्रम असा ठेवा: आधी पॉलिसी वाचा, मग नाव-गाव न सांगता विमा कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा, मग ठरवा, आणि त्यानंतरच टीपीएच्या फॉर्मवर सही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१ म्हणतं की मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण द्यायचं, त्यामुळे सोबत नैराश्य वगैरे वेगळं निदान असेल तर विचारून बघायला हरकत नाही.

इशारा: हे सगळं आधीपासून असलेल्या पॉलिसीच्या क्लेमबद्दल आहे. पुढे नवीन पॉलिसी घेताना फॉर्ममध्ये जुन्या उपचारांचा प्रश्न आला तर 'नाही' लिहू नका. लपवलं म्हणून मोठ्या ऑपरेशनचा क्लेम नाकारला गेला तर कुठे दाद मागणार?

५. ऑफिससाठी सर्टिफिकेट

डॉक्टरांना हे दाखल व्हायच्या आठवड्यातच सांगा, रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी नको. मागायचं काय, तर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या उपचाराखाली होते, आता कामावर रुजू व्हायला सक्षम आहेत'. बऱ्याच खासगी कंपन्यांना एवढं पुरतं. निदान हवंच म्हणाले तर कोणत्या नियमाखाली हवं ते एचआरला मेलवर विचारा, तोंडी नाही. मेलवर विचारलं की निम्म्या वेळा मागणी आपोआप मागे पडते.

लेटरहेड बघा. मजकुरात काही नाही पण वर ठळक अक्षरात 'व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्र' असेल तर काय उपयोग! केंद्राचे डॉक्टर स्वतःच्या नोंदणी क्रमांकासह स्वतःच्या लेटरहेडवर देऊ शकतात का ते विचारा.

टायफॉइडचं खोटं सर्टिफिकेट मागू नका. डॉक्टरांसाठी ते व्यावसायिक गैरवर्तन आहे, त्यांची नोंदणी अडचणीत येते, आणि तुमच्या नोकरीवर गदा येते, जी व्यसनाच्या उपचारांसाठी घेतलेल्या सुट्टीने कदाचित आलीही नसती. सरकारी नोकरीत तर रजा मंजूर करणारे दुसऱ्या मतासाठी सरकारी डॉक्टरांकडे पाठवू शकतात, तिथे टायफॉइड टिकत नाही. सरकारी फॉर्मवर आजाराचा रकाना असतोच, तो कसा भरायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि कागद बंद पाकिटात, 'गोपनीय' लिहून, थेट आस्थापना विभागात द्या. टपालाच्या टेबलावर उघडा टाकू नका.

आणि निदान कोडमध्ये लिहिलंय म्हणजे कोणाला कळणार नाही, या भ्रमात राहू नका. एफ१०.२ गूगलवर टाकलं की पहिल्याच ओळीत दारूचं अवलंबित्व असं येतं. एफ११ अफूवर्गातले पदार्थ, एफ१२ गांजा-चरस, एफ१७ तंबाखू. एचआरमधल्या मुलीला हे शोधायला दहा सेकंद लागतात.

६. आत असताना

भेटीच्या दिवशी दोनच माणसं या. अख्खी क्रूझर भरून आलात तर गावात सांगायला ड्रायव्हर आहेच. मोबाइलचं लोकेशन शेअरिंग बंद करा, केंद्राला गूगलवर फाइव्ह स्टार रिव्ह्यू स्वतःच्या नावाने देऊ नका (देतात हो लोक, आणि त्यात भावाचं नाव पण लिहितात).

ग्रुप थेरपीत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हे सगळे जण मान्य करतात आणि तरी पाळत नाहीत, कारण नाव न घेता सांगितलं की चालतं असं वाटतं. 'आमच्या ग्रुपमध्ये एक साखर कारखान्यातला अकाउंटंट होता' एवढं तालुक्यात पुरेसं आहे. स्वतःची गोष्ट पाहिजे तेवढी सांगा, दुसऱ्याची नाही. एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा स्वमदत गट) मीटिंगला जाणार असाल तर ती ओपन आहे की क्लोज्ड ते आधी विचारा, ओपनमध्ये बाहेरचे लोकही बसतात. ग्रुपवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला तर प्रोफाइल फोटो आणि पूर्ण नाव आधी बदला.

पोलिसांची भीती पण इथेच. एमडी (मेफेड्रोन) किंवा गर्द (ब्राउन शुगर) घेणारी पोरं डॉक्टरकडे येत नाहीत कारण 'नाव पोलिसांकडे जाईल'. उपचाराला आला म्हणून डॉक्टरने पोलिसांना कळवायचं, असं नसतं. उलट एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ६४ए सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेता येतं. म्हणून केंद्र मान्यताप्राप्त आहे का हे दुसऱ्या टप्प्यातच बघायला सांगितलं. ओव्हरडोस, विषबाधा, अपघात अशा केसमध्ये हॉस्पिटल एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) करतं, ती वेगळी गोष्ट आणि ती टाळता येत नाही, टाळायच्या नादात पेशंटला इकडून तिकडे फिरवत बसू नका.

७. डिस्चार्जच्या दिवशी

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथेच बसून वाचा. नाव, तारखा, निदान, चालू औषधं. चूक असेल तर डॉक्टरांकडून दुरुस्ती सही-तारखेसह करून घ्या. पूर्ण इनडोअर फाइलची प्रत हवी असेल तर ठरलेल्या नमुन्यात लेखी अर्ज करा, नियमाप्रमाणे १५ दिवसांत द्यायची असते. एखादी नोंद पेशंटला वाचून गंभीर त्रास होईल असं वाटलं तर डॉक्टर तेवढी रोखू शकतात पण मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं हे त्यांनी सांगायला हवं.

घरी गेल्यावर झेरॉक्सच्या दुकानात कार्ड देऊन चहा प्यायला जाऊ नका, समोर उभं राहून प्रत काढा. दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवून प्रिंट काढली असेल तर ती त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमधून तुमच्यासमोर डिलीट करायला लावा. फोनमधला फोटो फॅमिली गॅलरीत आपोआप जातोय का बघा. औषधं गल्लीतल्या ओळखीच्या केमिस्टकडून घ्यायची सक्ती नाही, दोन स्टॉप पुढे जा.

८. ज्यांना सांगायलाच हवं

इथे गप्प राहणं जिवावर बेततं. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी, ऑपरेशनसाठी दाखल व्हायची वेळ आली तर सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना पूर्ण खरं सांगा. माणूस परत प्यायला लागलाय, फ्रॅक्चर झालं, घरचे दारूचं बोलले नाहीत, शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन-चार दिवसांत डीटी, म्हणजे भ्रम, थरथर, ताप, धावाधाव. व्यसनाच्या उपचारातलं नालट्रेक्सोन हे औषध चालू असेल तर ट्रामाडॉल, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं काम करत नाहीत. ब्युप्रेनॉर्फिन (अफूवर्गाच्या व्यसनावरचं औषध) चालू असेल तरी आधी सांगायचं.

सांगताना नातेवाइकांची गर्दी बाहेर काढा. 'डॉक्टर, दोन मिनिटं एकट्यात बोलायचंय' म्हणायला लाजू नका. आणि औषधांची एक चिठ्ठी, नाव-डोस-कधीपासून, पाकिटात ठेवा, बेशुद्ध असताना तीच बोलते.

९. तरीही फुटलं तर

पहिल्या तासात फेसबुकवर केंद्राला झोडपणारी पोस्ट टाकू नका. ज्या शंभर लोकांना माहीत नव्हतं त्यांनाही कळेल. आधी पुरावा: स्क्रीनशॉट, तारीख-वेळ, कोणी कोणाला काय सांगितलं, लगेच लिहून ठेवा. माहिती नेमकी कुठून गेली ते शोधा, कारण निम्म्या वेळा ती घरातूनच गेलेली निघते आणि तक्रार भलत्यावर होते. केंद्रातून गेली असेल तर प्रमुखांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या. समाधान झालं नाही तर जिल्ह्याचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, त्यावर राज्य प्राधिकरण. डॉक्टरांनी स्वतः फोडलं असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पण जाता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं उल्लंघन पहिल्यांदा झालं तर कलम १०८ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रारीत निदान, व्यसनाचा तपशील लिहायची गरज नसते, 'माझी उपचारविषयक माहिती' एवढं पुरतं, आणि पाकिटावर 'गोपनीय' लिहून ते स्वतः नेऊन द्या, पोचपावतीवरसुद्धा विषय म्हणून फक्त 'तक्रार अर्ज' एवढंच येऊ द्या.